दलालाची नोंद आणि घरची वही

सटाण्याच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपला आणि वजनकाट्यावर ट्रॅक्टर रिकामा झाला की शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. तीत वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई आणि शेवटी हाती येणारी निव्वळ रक्कम लिहिलेली असते. त्याच सौद्याची नोंद व्यापाऱ्याच्या पेढीवर आधी कीर्दीत आणि मग खतावणीत उतरते. पट्टी एका सौद्यापुरती बोलते, तर खतावणी वर्षभराच्या व्यवहाराची साक्ष देते, हे पेढीवरचा कोणताही अनुभवी मुनीम सांगेल. केवळ पट्ट्या तारेला टोचून ठेवल्याने कोणाला आपला नफा कळल्याचे ऐकिवात नाही.

हे शहाणपण ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या नांदत आले, त्याच घरांत समभागांच्या सौद्यांबाबत मात्र त्याचा विसर पडलेला दिसतो. बागलाणातील व्यापारी कुटुंबात कापड, किराणा, भुसार किंवा सराफीचा हिशेब पैशापर्यंत जुळवला जातो. उधारी कोणाकडे किती आणि गोदामात माल किती, हे गादीवर बसलेला मनुष्य वही न उघडता सांगतो. परंतु गेल्या तीन वर्षांत समभागांत नेमके काय मिळाले, असे विचारले तर मोबाइलचा पडदा पुढे केला जातो. पडद्यावर हिरवा किंवा तांबडा आकडा झळकतो. तो बहुधा आज हाती असलेल्या समभागांचा असतो. जे तोट्यात विकून टाकले, जे दलालीत व करात गेले, त्याचा त्या आकड्यात मागमूस नसतो.

दलालाची नोंद दलालाच्या सोयीने ठेवलेली असते. तीत ग्राहक हे हजारो खात्यांपैकी एक खाते असते. घराच्या दृष्टीने लिहिलेली वही घरालाच लिहावी लागते. तरुण मंडळी जिला ट्रेडिंग जर्नल म्हणतात, ती हीच सौद्यांची वही होय. दलालाकडील नोंदी तीत उतरवणे म्हणजे जुन्या भाषेत खतावणी करणे.

चार कागद

या खतावणीसाठी चार कागद हाताशी असावे लागतात. पहिला कॉन्ट्रॅक्ट नोट. सौदा झाल्यापासून चोवीस तासांच्या आत दलालाने ती ग्राहकाला पाठवावी, असा सेबीचा दंडक आहे. ऑर्डरचा क्रमांक, सौद्याचा क्रमांक, वेळ, नग, भाव, दलाली आणि कर असे सर्व तपशील तीत असतात. शेअर बाजाराची हिशेबपट्टी ती हीच. दुसरा कागद ट्रेडबुक, म्हणजे सर्व सौद्यांची तारीखवार यादी. ती एक्सेलमध्ये उघडता येईल अशा स्वरूपात उतरवून घेता येते. तिसरा लेजर, म्हणजे दलालाकडील पैशांचे जमा-नावे. डीमॅट खात्यातून समभाग विकताना लागणारे डीपी शुल्क कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिसत नाही, ते लेजरमध्ये सापडते. वार्षिक देखभाल शुल्क आणि उशिराने पैसे भरल्याचे व्याजही तेथेच नोंदलेले असते.

चौथा कागद दलालाचा नसतो. तो डिपॉझिटरीचा असतो. भारतात १९९६ मध्ये एनएसडीएल आणि १९९९ मध्ये सीडीएसएल या डिपॉझिटरींचे काम सुरू झाले. समभाग प्रत्यक्षात यांच्यापैकी एकीकडे जमा असतात. पॅन क्रमांकावर आधारलेले त्यांचे एकत्रित विवरण ई-मेलने येते आणि अनेक घरांत ते न उघडताच पडून राहते. वास्तविक या चारांत तेच सर्वांत निःपक्षपाती साक्षीदार आहे. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंग या मोठ्या दलाल संस्थेस नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ग्राहकांच्या समभागांचा संस्थेने स्वतःसाठी गैरवापर केल्याचे त्या आदेशात म्हटले होते. अशा प्रसंगी दलालाचा पडदा काय दाखवतो याला अर्थ उरत नाही. डिपॉझिटरीचे विवरण आणि स्वतःची वही हीच ग्राहकाची दोन हत्यारे ठरतात.

उतरवताना होणाऱ्या चुका

ट्रेडबुक वहीत उतरवताना पहिली गफलत तारखेची होते. काही याद्यांत आधी दिवस व मग महिना असतो, तर संगणक आधी महिना व मग दिवस असे वाचतो. मग ३ एप्रिलचा सौदा ४ मार्चचा होऊन बसतो. हा फरक एका महिन्याचा दिसला तरी प्रत्यक्षात सौदा एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात जातो आणि विवरणपत्र चुकते. दुसरी गफलत दुबार नोंदीची. पाचशे समभागांची एक ऑर्डर बाजारात सात तुकड्यांत पुरी होते आणि सात ओळी येतात. त्यातील काही ओळी पुढच्या वेळी उतरवलेल्या यादीत पुन्हा आल्या, तर नग वाढतात. म्हणून सौद्याचा क्रमांक हा रकाना कधीही गाळू नये. एकच क्रमांक दोनदा आला की चूक कोठे आहे ते तत्काळ कळते. तिसरी गफलत नावाची. कंपन्यांची नावे बदलतात, बाजारातील लघुनामे बदलतात. म्हणून नावाशेजारी आयएसआयएन हा बारा अक्षरांचा क्रमांकही लिहावा. समभागाचे दर्शनी मूल्य विभागले गेले तर तो क्रमांकसुद्धा बदलतो, याची जाणीव असावी.

यानंतर सौद्यांची जात वेगळी करावी. घेऊन ठेवलेले समभाग, त्याच दिवशी घेऊन विकलेले समभाग आणि फ्युचर्स-ऑप्शन्स यांची तीन स्वतंत्र पाने असावीत. एकाच दिवसातील घेण्या-विकण्याला कर कायदा सट्टा व्यवसाय मानतो. त्यातील तोटा केवळ सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा होतो आणि चार वर्षेच पुढे ओढता येतो. फ्युचर्स-ऑप्शन्सचे उत्पन्न व्यवसायाचे असून त्यातील तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो. दोन्हींसाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. सर्व सौदे एकाच यादीत मिसळले, तर हा हक्क कर सल्लागारालाही शोधून काढता येत नाही.

खर्चाचा रकानाही स्वतंत्र हवा. समजा, एकाने ५०० रुपये भावाने १०० समभाग घेतले आणि त्याच दिवशी ५०२ ला विकले. मनाने केलेला हिशेब २०० रुपये नफ्याचा. प्रत्येक बाजूस २० रुपये दलाली धरली तर ४० रुपये तेथे गेले. विक्रीवर ०.०२५ टक्का दराने रोखे व्यवहार कर सुमारे साडेबारा रुपये, खरेदीवर मुद्रांक शुल्क दीड रुपया, बाजाराचे व्यवहारशुल्क सुमारे तीन रुपये आणि दलाली व शुल्क यांवर १८ टक्के जीएसटी सुमारे पावणेआठ रुपये. एकूण खर्च जवळपास ६५ रुपये होतो. नफ्याचा तिसरा हिस्सा वाटेतच गेला. तोटा झाला असता तर हेच ६५ रुपये तोट्यात मिळाले असते. हमाली-तोलाईच्या रुपया-दोन रुपयांवरून घासाघीस करणाऱ्या व्यापाऱ्याने हा रकाना रिकामा ठेवणे शोभत नाही.

नग का जुळत नाहीत

सर्व ओळी उतरल्यावर पेढीवर तेरीज मांडतात, तशी नगांची तेरीज मांडावी. आरंभीचे नग, अधिक खरेदी, वजा विक्री, बरोबर डीमॅटमधील नग. पहिल्या प्रयत्नात हा मेळ बहुधा बसत नाही, आणि याचे कारण लबाडी नसते. ट्रेडबुकात केवळ बाजारात झालेले सौदे असतात. बोनस, विभाजन, विलीनीकरण, आयपीओत मिळालेले समभाग किंवा दुसऱ्या डीमॅटमधून आलेले समभाग तेथे नोंदले जात नाहीत.

रिलायन्स इंडस्ट्रीजचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०१६ मध्ये ज्याने १०० समभाग घेतले आणि नंतर हात लावला नाही, त्याच्या ट्रेडबुकात एकच ओळ असेल. सप्टेंबर २०१७ मध्ये एकास एक बोनस मिळून ते २०० झाले. जुलै २०२३ मध्ये वित्तीय व्यवसाय वेगळा काढण्यात आला आणि त्याला जिओ फायनान्शियलचे २०० समभाग मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा एकास एक बोनस मिळून रिलायन्सचे ४०० झाले. एका ओळीच्या पोटी आज ६०० समभाग उभे आहेत. व्यवसाय वेगळा झाला तेव्हा मूळ खरेदीकिंमतीपैकी ९५.३२ टक्के रिलायन्सकडे आणि ४.६८ टक्के जिओ फायनान्शियलकडे धरावी, असे कंपनीने कळवले होते. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसीचे एचडीएफसी बँकेत विलीनीकरण झाले तेव्हा २५ समभागांमागे बँकेचे ४२ समभाग मिळाले. ज्याने अशा घटना ज्या त्या वेळी वहीत मांडल्या, त्याला वर्षांनंतर विक्री करताना डोके धरून बसावे लागत नाही.

सटाण्यात हिशेब जुळल्याची एक कथा घरोघरी ठाऊक आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला, आणि तपासणी झाली तेव्हा खजिन्यात एक पैसाही कमी भरला नाही, अशी श्रद्धा आहे. देवमामलेदारांचा हिशेब त्यांच्या पुण्याईने जुळला. संसारी माणसाला तो ओळीमागून ओळ तपासून स्वतःच जुळवावा लागतो.

मेळ बसल्यावर प्रत्येक विक्रीसमोर तिची खरेदी लिहावी. डीमॅटमधील समभागांबाबत आधी आलेले आधी गेले, असे कायदा मानतो. चाळीत आधी भरलेला कांदा आधी बाहेर काढावा, तसाच हा नियम आहे. त्यामुळे ‘नुकताच घेतलेला महाग माल मी विकला’ असे मनात म्हणून चालत नाही. कायद्याच्या लेखी सर्वांत जुना विकला गेला. बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या समभागांच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे आणि वर्षाला १ लाख २५ हजार रुपयांपर्यंतचा असा नफा करमुक्त आहे. त्याहून कमी काळ ठेवलेल्यांवर २० टक्के. कोणती तारीख धरायची हे वहीवाचून ठरत नाही.

ज्यांनी घेतले, ते असताना

खतावणीची सर्वांत मोठी गरज मात्र कराच्या धावपळीत भासत नाही. घरातील कर्ता माणूस गेल्यानंतर ती भासते. आजोबांच्या डीमॅटमधील समभाग वारसाच्या खात्यात येतात तेव्हा केवळ नग येतात. किती भावाने, कोणत्या तारखेस घेतले, हे त्यांच्यासोबत येत नाही. एक दलाल सोडून दुसऱ्याकडे खाते नेले तरी बहुधा हेच घडते; नव्या पडद्यावर खरेदीचा भाव कोरा राहतो.

कायदा वारसावर अन्याय करत नाही. मूळ मालकाने दिलेली किंमत हीच वारसाची खरेदीकिंमत आणि मूळ मालकाने ठेवलेला काळही वारसाच्या काळात धरला जातो. मात्र ती किंमत दाखवता आली पाहिजे. समजा, आजोबांनी २०२० मध्ये ३०० रुपये भावाने ५०० समभाग घेतले आणि नातवाने ते २०२५ मध्ये ९०० ला विकले. विक्री साडेचार लाखांची, खरेदी दीड लाखाची, नफा तीन लाखांचा. वर्षात दुसरा नफा नसेल तर सव्वा लाख वजा जाता पावणेदोन लाखांवर २१,८७५ रुपये कर पडेल. खरेदीचा कागदच सापडला नाही आणि किंमत शून्य धरण्याची वेळ आली, तर सव्वातीन लाखांवर ४०,६२५ रुपये. उपकर बाजूला ठेवला तरी एका हरवलेल्या ओळीची किंमत १८,७५० रुपये झाली. समभाग १ फेब्रुवारी २०१८ पूर्वीचे असतील तर ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा आधार घेण्याची सवलत आहे. परंतु ते त्या तारखेपूर्वी घेतले होते याचा पुरावा तेथेही हवाच.

म्हणून हे काम घरातील ज्येष्ठांसोबत बसून करावे. अमुक समभाग कोणत्या आयपीओत मिळाले, कोणते कागदी प्रमाणपत्रावरून डीमॅट केले, कोणते भावाच्या वाटणीत आले, हे कोणत्याही ट्रेडबुकात सापडणार नाही. ते काकांच्या, आजोबांच्या स्मरणात असते. एक दुपार त्यांच्याजवळ बसून लिहून घेतलेली चार पाने पुढे चार वर्षांचा पत्रव्यवहार वाचवतात. कुटुंबाच्या नावे एचयूएफचे खाते असेल तर त्याची वही अगदी वेगळी असावी. एका पॅनसाठी एक वही, हा नियम मोडू नये.

कारणाचा रकाना

आतापर्यंतचे रकाने दलालाच्या कागदांवरून भरता येतात. शेवटचा रकाना मात्र दलाल भरून देऊ शकत नाही. सौदा का केला, किती तोट्याला बाहेर पडायचे ठरवले होते, सल्ला कोणाचा होता, आणि ठरवल्याप्रमाणे वागणे घडले का, एवढे चार शब्द त्या दिवशीच लिहावेत. निकाल लागल्यानंतर लिहिलेले कारण बहुधा सबब असते. वर्षाखेरीस हा रकाना वरून खाली वाचला की कळते, नफा अभ्यासाने आला की तेजीच्या लाटेने. आणि तोटा कंपनीने दिला की एखाद्या टेलिग्राम गटावरील निरोपाने.

हे वाचणे किती निकडीचे आहे, ते सेबीच्या दोन पाहण्यांवरून दिसते. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये एकाच दिवसात घेऊन-विकणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. सप्टेंबर २०२४ च्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. या ९३ टक्क्यांत लहान गावांतील व्यापारी घरांचे मुलगेही असणारच.

दुकानाचा तोटा घरात लपत नाही. वही गादीवर उघडी असते. वडील, काका, भाऊ कोणीही ती चाळतो. उधारी थकली की प्रश्न विचारला जातो आणि गोष्ट हाताबाहेर जाण्याआधी सावरली जाते. मोबाइलमधील सौद्यांना हे संरक्षण लाभत नाही. तेथे पासवर्ड एकाचाच, पडदा एकाचाच आणि तोटाही बराच काळ एकट्याचाच राहतो. दलालाकडे पैसे ग्राहकाच्या स्वतःच्या बँक खात्यातूनच जावे लागतात. त्यामुळे पेढीचा पैसा आधी उचल म्हणून मुलाच्या खात्यात येतो आणि तेथून दलालाकडे जातो. पेढीच्या वहीत ‘उचल’ एवढेच लिहिले जाते. ही उचल आणि दलालाच्या लेजरमधील जमा या दोन ओळी समोरासमोर ठेवणारे एक पान घरात असले, तर कित्येक अनर्थ पहिल्या लाखालाच दिसून येतील. हे पान मुलाच्या चौकशीसाठी नसावे. वडिलांचे सौदेही त्याच पद्धतीने त्याच्यासमोर ठेवलेले असावेत. तरच मुलगा तोटा सांगायला धजतो.

तेजीत वही कोणी उघडत नाही, ही मानवी खोड जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६० च्या दशकात समभागांचे वेड शहरभर पसरले. सुरतेहून आलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे सर्वांत मोठे नाव होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि मग प्रत्येकाचीच वही उघडावी लागली. जुनी बँक ऑफ बॉम्बे त्या पडझडीतून उठली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळली गेली. मुंबईच्या समभाग दलालांनी आपली रीतसर संघटना बांधली ती त्यानंतर सात वर्षांनी, १८७५ मध्ये. आजचे चोवीस तासांतील कॉन्ट्रॅक्ट नोट किंवा डिपॉझिटरीचे विवरण हे अशाच अनेक पडझडींतून उभे राहिलेले संरक्षण आहे. ते प्रत्येक ग्राहकाच्या ई-मेलमध्ये विनामूल्य येऊन पडते. वाचणे तेवढे त्याच्याकडे उरते.

आरंभ लहान ठेवावा. आधी चालू आर्थिक वर्षाचे ट्रेडबुक व लेजर उतरवून घ्यावेत आणि डीमॅटच्या विवरणाशी नग जुळवावेत. ते जुळल्यावर एकेक वर्ष मागे जावे. जुने खाते बंद करायचे असल्यास सर्व वर्षांच्या नोंदी हाती येईपर्यंत ते बंद करू नये. त्यानंतर आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी पाव तास पुरतो. वहीची एक छापील प्रत तिजोरीत असावी आणि ती कोठे आहे हे घरातील किमान दोघांना, विशेषतः गृहिणीला, ठाऊक असावे. प्रत्येक डीमॅट खात्यात वारसदाराचे नामांकन झाले आहे का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. दिवाळीला दुकानाच्या वह्यांचे पूजन होते त्या पाटावर यंदा ही एक वही अधिक ठेवता येईल. ती त्या दिवशी कोरी नसावी. निदान एप्रिलपासूनच्या ओळी तीत भरलेल्या असाव्यात आणि शेवटी डीमॅटशी जुळलेली शिल्लक लिहिलेली असावी.